रोशिनीच्या लघुपटातली सासू

शनिवार, १४ ऑक्टोबर २०२३. सकाळी ढगाळ. बिल्डिंगवाल्यांनी हीटर अजून सुरू केलेले नाहीत. दुपारी सुमिंत्राबरोबर रोशिनीचा लघुपट पाहायला गेले. रोशिनीला बक्षीस मिळालं.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. बाकीचं आता लिहिते.

सुमिंत्रा माझी शेजारीण, रोशिनी तिची एकुलती एक मुलगी. आम्ही सगळ्या गयानाच्या. मी जॉर्जटाउनच्या नन्सच्या शाळेतली, सुमिंत्रा बर्बिसच्या भातखाचरांतली. तिकडे असतो तर कदाचित बोललोही नसतो. इथे टोरोंटोच्या या टोकाला, स्कारबरोत, एका मजल्यावर पंचवीस-सव्वीस वर्षं काढली. नवरा गेल्यापासून माझं शनिवारचं जेवण तिच्याकडूनच येतं.

रोशिनी दोन वर्षांची असताना सुमिंत्रा तिला घेऊन इथे आली. नवरा मागे राहिला, तो राहिलाच. मुलगी शाळेपासून कॅमेऱ्यामागे. लिफ्टमध्ये, लॉन्ड्रीत, मंदिरात, जिथे तिथे. पुढे कॉफीच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून पोट भरायची आणि उरलेल्या वेळात चित्रण करायची. पाच वर्षांपूर्वी तिने आईला सांगितलं की तिचं मार्वा नावाच्या मुलीवर प्रेम आहे. मार्वा बार्बाडोसची, नर्स. सुमिंत्रा काही संत नाही. दोन दिवस रडली, देवघर बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी कणीक मळता मळता तिने विचारलं, "तिखट खाते ना गं ती?"

तेव्हापासून शनिवारी एक डबा माझा आणि एक त्या दोघींचा. मंदिरातल्या बायका तिला तोंडावर टोमणे मारायच्या. "सुमिंत्रा, जावई कसा आहे गं तुझा?" ती म्हणायची, "तुमच्या जावयांपेक्षा जास्त कमावतो, आणि भांडीसुद्धा घासतो."

रोशिनीला हीच गोष्ट पडद्यावर सांगायची होती. आमच्या रंगाच्या आणि तिच्यासारख्या मनाच्या नव्या मुलामुलींना लघुपट करायला शिकवणारा एक वर्ग होता, त्यात तिची निवड झाली. मार्गदर्शक म्हणून डॅफ्नी नावाची बाई होती. शेवटी जे पसंत पडतील तेवढेच लघुपट महोत्सवात दाखवणार होते.

चित्रण झालं त्या दिवशी मी सुमिंत्राच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते. कॅमेरा सुरू होता आणि सुमिंत्रा रंगात आली होती. पहिली मुलगी झाली म्हणून सासूने तिला बाळासकट घराबाहेर काढलं, ते ती करून दाखवत होती. आमच्याकडे गोष्ट नुसती सांगत नाहीत, त्या माणसाचं सोंग आणून सांगतात. तिने एक हात कमरेवर ठेवला, लाटणं दाराकडे रोखलं, आणि सासूच्या आवाजात ओरडली, "निघ! तुझ्यासारखीला या घरात जागा नाही. परत तोंड दाखवू नकोस!" मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. रोशिनीही हसत होती. त्या गोष्टीतलं बाळ तीच.

महिन्याभराने ती मला लॉन्ड्रीत भेटली.

"आंटी, डॅफ्नी म्हणते माझ्या गोष्टीत जखमच नाही."

"मग देवाचे आभार मान."

"जखम नसेल तर लघुपट घेणार नाहीत. गोड आहे म्हणतात. गोड म्हणजे नको."

मी तिला मशीनमधली चादर झटकायला लावली आणि विसरून गेले.

आज तो लघुपट पाहिला. पडद्यावर अंधार, रोशिनीचा आवाज, "मम्मी, माझं मार्वावर प्रेम आहे." मग सुमिंत्राचा चेहरा. लाटणं दाराकडे. "निघ! तुझ्यासारखीला या घरात जागा नाही." मागचं माझं हसू काढून टाकलं होतं. थिएटरमध्ये कुणीतरी हुंदका दिला. सुमिंत्रा पर्सची कडी उघडत होती, लावत होती.

नंतर निवेदकाने सांगितलं की आईसुद्धा आलेली आहे. लोक वळून पाहू लागले. एका मुलाने माइक आणून दिला आणि हळुवारपणे विचारलं, "आंटी, आज हे पाहून काय वाटलं?"

स्टेजवर रोशिनीचा चेहरा राखेसारखा झाला होता. आईचं एक वाक्य, आणि तिचं सगळं संपलं असतं.

सुमिंत्रा उभी राहिली. "मी हाकललं होतं तिला," ती म्हणाली. "चुकलं माझं."

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी बसून राहिले.

बाहेर जिन्यापाशी रोशिनी धावत आली, तिच्यामागे मार्वा.

"मम्मी, मी तुला सांगणार होते."

"कधी? टाळ्या संपल्यावर?"

"तू खरं का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांसमोर तुला खोटी पाडू?" सुमिंत्राने कोटाची बटणं लावली. "अठ्ठावीस वर्षं मी त्या बाईसारखी होऊ नये म्हणून झटले, रोशिनी. तू तिचं तोंड माझ्या तोंडावर चिकटवलंस."

मार्वा म्हणाली, "आंटी, शपथ, मलाही आत्ताच कळलं."

"तू गप्प बस, बाळा. तुझ्यावर राग नाही."

रोशिनीने हात पुढे केला. सुमिंत्राने तो बाजूला केला नाही, धरलाही नाही. "बक्षीस जपून ने," एवढंच म्हणाली आणि बस स्टॉपकडे चालू लागली.

बसमध्ये तिने खिडकीपाशी जागा धरली. मग म्हणाली, "सिसिल, उद्या मंदिरातल्या त्या बायका माझी पाठ थोपटतील. म्हणतील, शेवटी तूही आमच्यातलीच निघालीस."



संध्याकाळी ती दारात डबे ठेवून गेली, बेल न वाजवता. महोत्सवानंतर खायला म्हणून तिने सकाळीच डाळपुरी केली होती. आज दोन्ही डबे माझ्याकडे आले. एकटीला संपणार नाही, म्हणून दुसरा डबा फ्रीझरमध्ये ठेवला.