निळं पडलेलं पातं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी तर नाहीच — गोष्ट तिचीच आहे. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही आमच्याकडे जेवायला येणार नाही.

गोष्ट एका सुरीची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात शिरतात, नाहीतर सत्कार करून घेतात. शाल-नारळ घेऊन खुर्चीत ताठ बसणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली. हा रोग आपल्याला नाही, अशी माझी खात्री होती. मी सुरी करायला घेतली.

पातं जाड होतं — ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून कापलेलं, लोहाराकडून भट्टीत लाल करून, पाणी देऊन आणलेलं. म्हणजे चांगलं कडक. घरी फक्त ग्राइंडरवर घासून त्याला धारेकडे उतार द्यायचा होता. घासताना पातं तापतं, म्हणून ते घडीघडी पाण्यात बुडवावं लागतं. नाही बुडवलं तर पोलादाचा रंग बदलतो — आधी गव्हाळ, मग जांभळा, मग निळा. निळं पडलं की तिथला कडकपणा गेला. हे मला ठाऊक होतं. पुस्तकं वाचून झाली होती. ठाऊक नसतं तर आज स्वतःचा एवढा संताप आला असता का?

शोभाने — माझ्या बायकोने — बादली भरून गच्चीवर माझ्या स्टुलाशेजारी आणून ठेवली. मे महिना, अकोला, नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही. तरी भरून ठेवली. "बुडवत जा बरं," म्हणाली. "आन् सांडू नका."

आणि मी? कॉलनीतले दोन मित्र गच्चीवर येऊन बसले होते. त्यांना मी तलवारींचा इतिहास सांगत होतो. बादलीकडे वळलो की वाक्य तुटायचं — आणि मला वाक्य तोडायचं नव्हतं. ठिणग्या उडत होत्या, दोन माणसं ऐकत होती. अंगावर शाल तेवढी नव्हती. खाली पाहिलं तेव्हा धारेवर बोटभर पट्टी निळी पडली होती. मधे तर निळ्याच्याही पुढे — करडी.

मित्र गेल्यावर मी पॉलिशपेपरने रंग घासून काढला. पातं चकचकीत झालं. एवढ्यावर थांबलो असतो तर ती नुसती लबाडी ठरली असती.

पुढच्या महिन्यात शोभाच्या माहेरी, भातकुलीला, रोडग्यांचं — गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं — जेवण होतं. तिथे भाजी चिरायला बसायची ती शोभाच. बाकीच्या बाया तिच्या फोडी पाहून आपल्या फोडी करायच्या. मी सगळ्यांसमोर, छोटंसं भाषण ठोकून, सुरी तिच्या हातात दिली. तिने कोहळं घेतलं. देठापाशी जोर दिला — आणि धार दुमडली. कागदासारखी.

मेहुणा म्हणाला, "काय जावईबापू, पुस्तकातली सुरी पुस्तकातच कापते काय?"

पातं मी जाळलं — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "सुरी बराबर हाये. इनंच पिरगाळली. हात जड हाये इचा, सांगून सांगून थकलो."

सगळे हसले. शोभाने सुरीकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. "असंन बा," म्हणाली. "माह्याच हातानं झालं असंन." तिच्या वहिनीने तिच्यासमोरची परात आपल्याकडे ओढून घेतली.

राग कुणावर आहे, विचारता? त्या मेहुण्यावर होता — बरीच वर्षं. हसणाऱ्यांवर होता. आणि तिच्यावरही — इतक्या लवकर का कबूल केलंस? भांडली का नाहीस? बघा, अजूनही मी चूक तिच्यातच शोधतो आहे.

त्यानंतर भातकुलीत तिला कुणी चिरायला बसवलं नाही. "राहू द्या आत्या, तुमचा हात जड हाये," भाच्या लाडाने म्हणतात. ती चुलीपाशी बसून वरण ढवळते. आणि घरी? कप फुटला, बरणीचं झाकण पडलं, की तेच वाक्य मी म्हणायचो. पहिल्यांदा घाबरून म्हणालो होतो. नंतर नुसतं सवयीने. तिचा हात जड नव्हता. कधीच नव्हता. मला हे जितकं ठाऊक आहे तितकं जगात कुणालाच नाही — तिलासुद्धा नाही आता.

ती सुरी मी फेकून दिली. त्याने काय होतं?

गेल्या आठवड्यात आम्ही अमरावतीला गेलो होतो. भांड्यांच्या दुकानात घरासाठी सुरी घ्यायची होती. दुकानदाराने भारीतली पुढे केली. शोभाने ती उचललीसुद्धा नाही.

"हे नको भाऊ, साधीच द्या," ती म्हणाली. "माह्या हातात लोखंडबी टिकत नाही."

दुकानदार हसला. मी तिच्या शेजारी पिशवी धरून उभा होतो.

मीही हसलो.