वाढीचा निरोप

शालनआक्का गेली, हे तिच्या भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी प्रयोगशाळेत पेशींचं खाद्यद्रव बदलत होते. "आक्का सकाळी उठलीच न्हाय," एवढंच तो म्हणाला. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. मी फोन ठेवला, हातमोजे बदलले आणि उरलेल्या चार बश्यांचं काम पुरं केलं. पेशी उपाशी ठेवायच्या नसतात, हे तिनंच शिकवलं होतं... आज पाच आठवडे झाले, मला अजून रडू आलेलं नाही.

बेळगावातल्या आमच्या प्रयोगशाळेत ती वीस वर्षं तंत्रज्ञ होती. घर वडगावचं, विणकरांचं. मी निपाणीहून नवीन आले तेव्हा तिनं माझ्या हातात एक इवलीशी बाटली दिली. आत काहीच दिसेना. रिकामी समजून मी झाकण उघडायला गेले, तर तिनं मनगट धरलं. "रिकामी न्हाय गं. झाकणाला चिकटलेलं असतंय. आदी यंत्रात फिरवून घे, खाली बसू दे." माणसाच्या शरीरात एक प्रथिन असतं, ते पेशींना वाढायचा निरोप देतं. तेच जिवाणूंकडून बनवून घेतलेलं, वाळवलेलं, बर्फाच्या पेटीतून आमच्याकडे यायचं. बशीतल्या पेशींच्या थरावर जखमेसारखी रेघ ओढायची, हे प्रथिन घालायचं आणि रेघ किती भरून येते ते बघायचं, हे आक्काचं काम.

दोन वर्षांपूर्वी तिच्या आईच्या पायाला साखरेच्या आजारातली जखम झाली. दवाखाना चालू होता, पण जखम भरेना. घरी जीव रमेना म्हणून आक्का एकदा तिला प्रयोगशाळेत घेऊन आली, सूक्ष्मदर्शकातून भरत आलेली रेघ दाखवली. म्हातारी बराच वेळ बघत बसली.

"मग ह्येच लाव की माझ्या पायाला."

"माणसाला लावायचं न्हवं ते, आई. फकस्त प्रयोगाचं हाय."

"माणसाचंच हाय म्हनलीस न्हवं?"

आक्कानं बशी परत उबेच्या पेटीत ठेवली. पुढच्या महिन्यात आईच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. आई तिच्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हती. मी एकदा भीतभीत विचारलं, "लावावंसं वाटलं होतं का, आक्का?" ती नळ्या पुसत म्हणाली, "वाटलं की. बाटली हातात घिऊन हुबी हुते. पर त्यानं काय हुईल ते कुनालाच म्हाईत न्हवतं. आईवर कसं करून बघू?"

आक्काचं दिवसकार्य झाल्यावर मी वडगावला गेले. आई भिंतीला टेकून बसली होती. "तिचं बरोबर हुतं," ती म्हणाली. "मला कळलं हुतं गं. सांगायचं ऱ्हायलं." मी मान हलवली. चहा घेतला आणि परत आले.

आक्कानं शेवटच्या बाटलीतलं प्रथिन अकरा छोट्या नळ्यांत वाटून गोठवून ठेवलंय. प्रत्येक नळीवर निळ्या शाईत तिचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. नळी एकदा वितळली की पुन्हा गोठवायची नसते. काल मी एक बाहेर काढली, बर्फावर ठेवली, बश्यांमध्ये घातली...

आता दहा आहेत.