हिरव्या काठाचं धोतर

१९३८ साल. मी तेवीस वर्षांचा होतो. शाळा माझी दोनच वर्षांची, तीही उर्दू. लिहिण्यात चूक निघाली तर निघू द्या, सांगण्यात निघणार नाही.

सेलूला कापसाच्या जिनात मी आणि माझा थोरला भाऊ, दोघं कामाला होतो. कामाचा हंगाम लागायचा दिवाळी सरल्यावर, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या भोंग्याला. पण कामाला कुणी यायचं आणि कुणी नाही हे सेठ कधी तोंडानं बोलत नसे. पाडव्याला जिनाच्या आवारात अहेर वाटायचे. गड्याला धोतर, बाईला लुगडं, आणि सगळ्यांचा काठ एक. ज्याच्या हातात धोतर पडलं तो त्या हंगामाला जिनाचा. ज्याला मिळालं नाही त्यानं समजून घ्यायचं, विचारायचं नाही. काठ दर साली बदलायचा, म्हणजे जुनं धोतर नेसून कुणी आत शिरू नये. फाटकावरचा रोहिला पहारेकरी माणसाचं तोंड बघायचा नाही, काठ बघायचा. एखादा म्हातारा थकला तर त्याचं धोतर नेसून त्याचा लेक यायचा आणि त्याला कुणी हटकत नसे. जिनाला हात पाहिजे होते, कुणाचे का असेनात.

कापूस आणणाऱ्या गिऱ्हाइकांचं वेगळं. त्यांना बैठकीत गादीवर बसवून अत्तर लावायचे, फेटा बांधायचे, हातात नारळ द्यायचे. अंमलदारांच्या घरी फळांची डाली आदल्या दिवशीच पोचलेली असायची.

हे सगळं कापड घ्यायला सेठ मलाच संगं न्यायचा. मला कापडातलं कळतं. हे मी म्हणत नाही, दुकानदार म्हणायचा, आणि मी गेलो की त्याचं तोंड वाकडं व्हायचं.

त्या साली शिमग्याच्या सुमाराला भावाचा उजवा हात चरकात गेला. अंगठा राहिला, चार बोटं गेली. सेठनं दवाखान्यात पट्टी करून दिली आणि म्हणाला, दिवाळीला बघू. तेव्हापासून आमच्या घरात दुसरी गोष्ट नव्हती. भावाला धोतर मिळतं का नाही, एवढंच. शेत नव्हतं. त्याची दोन लेकरं होती. सरकी पोत्यात भरायचं काम डाव्या हातानं होतं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. रोज अंगणात भुशाचं पोतं डाव्या हातानं भरायचा, उपडं करायचा, परत भरायचा. वैनी दारात उभी राहून बघायची आणि आत जायची.

दुकानात मी हिरव्या काठाची धोतरं निवडली. सेठला एकटं गाठून भावाचं विचारलं.

"तुज्या भावाचा मान ठेवणार हाय मी," सेठ म्हणाला.

मला बरं वाटलं. फेटे घेऊन झाले तेव्हा तो म्हणाला, अजून एक घे, चांगला बघून, घरच्या माणसाला घेतोस असं समज. मला वाटलं, पाथरीकडचं कुणी बडं गिऱ्हाईक असेल. मी कुसुंबी रंगाचा, जरीच्या काठाचा काढला. एका जागी सूत उसवलेलं दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडून दुसरा घेतला.

पाडव्याला आम्ही आवारात खाली बसलो होतो, भाऊ माझ्या शेजारी. एकेकाला हाक मारली. मला धोतर मिळालं. भावाला हाक आली नाही. धोतरं सरली. मग बैठकीतून मुनीम आला आणि अदबीनं भावाला वर घेऊन गेला. त्याला गिऱ्हाइकांच्या ओळीत बसवलं. अत्तर लावायला मुनीमानं त्याचा उजवा हात धरला, मग सोडला आणि डावा घेतला. फेटा सेठनं स्वतः बांधला. कुसुंबी, जरीच्या काठाचा.

खालचा एक नवखा गडी ओरडला, "पाटील, आता आमचा रामराम घेशील का न्हाई?" पोरं हसली. जुने गडी खाली मान घालून बसले. भाऊसुद्धा हसला. ते हसणं मी अजून विसरलो नाही.

आम्ही घरी आलो. फेट्याला बघून लेकरं नाचायला लागली. वैनीनं पाट मांडून ठेवला होता. तिनं त्याला ओवाळलं, कुंकू लावलं, आणि मग विचारलं, "धोतर कुठं हाय?"

"गिऱ्हाइकात बसवलं मला," भाऊ म्हणाला. "सेठनं हातानं बांधला."

वैनी ताट धरून तशीच उभी राहिली. "आपल्याकडं कापूस कुठाय घालायला?"

ताट खाली ठेवून ती लेकरांना आत घेऊन गेली. भाऊ पाटावरून उठेना. फेटाही काढेना. मी काढायला गेलो तर त्यानं माझा हात धरला, डाव्या हातानं, आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तू जा उद्या. तुला मिळालंय."

माझं लग्न झालेलं नव्हतं. एका पोटाचं काय, कुठंही भरतं. मला लोक हट्टी म्हणतात. म्हणोत. मी निवडलेलं कापड कुणाच्या अंगावर जायचं ते सेठनं एकट्यानं ठरवावं, हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाला उठवून हिरव्या काठाचं धोतर नेसवलं. त्याला एका हातानं कासोटा घालता येत नव्हता, तो मी घातला. तो नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. भोंग्याला फाटकावर नेऊन उभा केला. रोहिल्यानं काठ बघितला, मग त्याचा हात बघितला, परत काठ बघितला आणि बाजूला झाला. भाऊ आत गेला. मी कुसुंबी फेटा डोक्याला गुंडाळला आणि देवगाव फाट्याच्या रस्त्यानं काम शोधत चालू लागलो.