दोन सीटांची मोटार

परवा नातवानं नवी गाडी आणली. “आजोबा, पुढं बसा,” म्हणाला. सीटच्या कातड्याचा वास आला आणि पाय थबकले.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी सांगलीच्या कॉलेजात होतो. एका साहेबाची तांबडी, उघड्या टपाची शर्यतीची मोटार मी हप्त्यांवर घेतली. हप्ते जायचे पलटणीतल्या थोरल्या भावाच्या पगारातून. तो रजेवर आला, तेव्हा ती मेढ्याला घरी नेली. आईनं चाकाखाली लिंबू ठेवून नारळ फोडला आणि लगबगीनं आत गेली.

“लय झ्याक हाय रं,” दादा म्हणाला. “पर आई कुठं बसायची?”

“तिला कुठं जायचंय?” मी हसलो.

आई दारात उभी होती. ठेवणीतलं लुगडं नेसून.