मॅडम, तुम्ही अडकलात

थांबा-मॅडम बोलता बोलता गप्प होत. पहिल्याच ऑनलाइन तासाला सरावासाठी त्या पेशंट झाल्या, "डॉक्टर, मी बरी होईन ना?" असं विचारलं आणि स्क्रीनवर नुसत्या बघत राहिल्या. आमची धांदल उडाली. "मॅडम, आवाज येत नाही." "मॅडम, तुम्ही अडकलात." एकाने तर बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं.

"नेटवर्क ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "धीर तुमचा तुटला. थांबा जरा!"

त्या नांदेडला घरी बसून आम्हा शिकाऊ डॉक्टरांना पॅलिएटिव्ह केअर शिकवायच्या. म्हणजे आजार बरा होणार नसतो तेव्हाही माणसाचं दुखणं कमी करायचं, त्याच्याजवळ बसायचं. मी छत्रपती संभाजीनगरला होस्टेलच्या खोलीत. आमची प्रत्यक्ष भेट कधी झालीच नाही. मागे त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. "सासूबाईंचा भात," असं सांगून त्या उठायच्या, गॅस बंद करून यायच्या.

मी देवगाव रंगारीचा, घरातला पहिला पदवीधर. गावची बोली मी मोठ्या कष्टाने पुसली होती. सरावात एकदा मी विचारलं, "आपणास तीव्र वेदना होत आहेत का?"

"काय रे, तुझ्या देवगावात असं बोलतात?"

"नाही मॅडम. लई दुखतंय का, म्हणतात."

"मग तसंच विचार की, बाळा. दुखणाऱ्या माणसाला कशाला परीक्षेला बसवतोस?"

आमच्या वॉर्डात फुलंब्रीचे गफूरचाचा होते, शिंपीकाम करणारे. कॅन्सर पसरला होता, उपाय उरला नव्हता. मुलगा सलीम हात जोडून म्हणाला, "अब्बांना काही सांगू नका." चाचा मात्र रोज विचारायचे, "डागदर, घरी कवा सोडता?" दिवस वाया चालले होते. मी मॅडमना फोन केला.

"त्यांना काय ठाऊक आहे ते आधी त्यांनाच विचार," त्या म्हणाल्या. "आणि मग थांब."

मी स्टूल ओढून बसलो. "चाचा, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" चाचा छताकडे बघत राहिले. दिलाशाची वाक्यं जिभेवर आली होती. ती मी गिळली.

"सलीमला वाटतं, अब्बाला समजत नाय," अखेर ते म्हणाले. "समजतं सगळं. माझी मशीन खिडकीपाशी हाय. तिथंच खाट टाकायला सांगा त्याला."

दाराशी उभा सलीम आत येऊन त्यांच्या पायाशी बसला. वेदनेची औषधं समजावून आम्ही चाचांना घरी पाठवलं. शेवटपर्यंत ते त्या खिडकीपाशीच होते.

पुढे एका तासाला मॅडम डोक्याला स्कार्फ बांधून आल्या. चेहरा ओढलेला. म्हणाल्या, "आज मी खरीच पेशंट आहे. विचारा."

मीच म्हणालो, "मॅडम, लई दुखतंय का?"

त्या बघत राहिल्या. मागे शिट्टी झाली, त्या उठल्या नाहीत. पण या वेळी "आवाज येत नाही" असं कुणी म्हणालं नाही.

"दुखतंय रे," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "लई."

तो त्यांचा शेवटचा तास.

आता तो तास मी घेतो. प्रश्न विचारून गप्प होतो. नवी पोरं लगेच ओरडतात, "सर, तुम्ही अडकलात!" मी थांबतो. तेवढ्या वेळात स्क्रीनवरच्या चौकोनांमधून नजर फिरत राहते, स्कार्फ बांधलेला एक चेहरा शोधत.