शंभरात तीन

शिवगंगा नर्सचं नाव इंग्रजीत छापून आलं होतं. शिरूर कासारजवळच्या उपकेंद्रात बारा वर्षं सुया टोचणाऱ्या बाईचं नाव, आभारांत का होईना, डॉक्टरांच्या मासिकात यावं, ही काय चेष्टा आहे? डॉक्टर मोहनराव बीडहून स्वतः तो अंक घेऊन आले. त्यांच्या संधिवाताच्या संशोधनासाठी तिनं उन्हातान्हात हिंडून ऊसतोडीला जाणाऱ्या दोनशे बारा बायकांचे फॉर्म भरले होते.

"काय निघालं, साहेब?"

"चांगलंच निघालं. इथल्या बायकांना सांध्यांचा आजार फार कमी. शंभरात तीन. सहकारी साखर कारखाना ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी सांध्यांचा दवाखाना काढणार होता. माझा लेख वाचून म्हणाले, गरज काय? शनिवारच्या बैठकीत तो विषय निकालात काढतील."

शिवगंगेनं चहा ठेवला. शंभरात तीन? तोडीला जाणाऱ्या छबुबाईची बोटं वळत नाहीत, तिच्या चोळीची गाठ सून सोडते. तिच्या फॉर्मवर काय आहे? 'नाही'. तेही शिवगंगेच्याच अक्षरात. डॉक्टर गेले, तशी ती आतबाहेर करत राहिली. एका लेकराला डोस द्यायचा विसरली, दुसऱ्याला दोनदा द्यायला निघाली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी तिनं छबुबाईला टँकरच्या रांगेत गाठलं. दुष्काळाचं तिसरं वर्ष, रांग पार मारुतीच्या पारापर्यंत. बोटं मिटत नाहीत म्हणून छबुबाईनं घागर कोपराच्या घडीत अडकवली होती.

"छबुमावशी, मला खोटं कावून सांगितलं?"

"म्या? काय खोटं सांगितलं?"

"सांध्यांचं दुखणं हाय का इचारलं, तर न्हाई म्हणाल्या."

"मग? दुखणं कुठं हाय? दुखणं आलं की माणूस खाटंवर पडतंय. म्या कधी पडले का? उसाच्या मोळ्या बांधते की!"

"आन् ही बोटं?"

"ठणकत्यात. समद्याच बायांची ठणकत्यात."

शिवगंगेनं कपाळावर हात मारला. फॉर्मवर 'दुखणे' छापलं होतं आणि तिनं ते शाळेतल्या पोरीगत वाचून दाखवलं होतं. ती काय परदेशातून आली होती? तिच्या घरीसुद्धा आजारी पडून राहणाऱ्यालाच दुखणं असतं. शहाण्या डॉक्टरांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला.

शनिवार परवावर होता. तिनं छबुबाईला बीडच्या एसटीत आपल्या शेजारी बसवलं. छबुबाई सारखी उठायला बघत होती.

"मुकादमाला कळलं तर आमचा कोयता घ्यायचा न्हाई, बाई." टोळी जमवणारा मुकादम तोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतो. एकाचा हात चालेनासा झाला की दोघंही घरी.

बीडच्या दवाखान्यात मोहनरावांनी तिचा फॉर्म काढला. "मावशी, सांध्यांचं दुखणं आहे?"

"न्हाई जी."

डॉक्टरांनी शिवगंगेकडे पाहिलं, म्हणजे, बघा, मी काय म्हणत होतो!

"नुसतं इचारू नका, साहेब. हात दाबून बघा."

त्यांनी तिच्या बोटांचे सांधे दोन्ही बाजूंनी दाबले. छबुबाईनं ओठ मिटून घेतले, पण डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतंय ना?"

"दुखतंय की, साहेब. पर दुखणं न्हाई."

मोहनरावांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "लेख छापून झालाय, बाई."

"मग चूकबी छापा. माझ्या नावानं छापा."

त्यांनी कारखान्याला फोन जोडून मागितला. लाइन लागेपर्यंत शिवगंगा खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती. छबुबाई दोनदा म्हणाली, "माझं नाव घेऊ नका, साहेब."

लाइन लागली. "तो आकडा चुकलाय," मोहनराव म्हणाले.

"कोण म्हणतं?" पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. मोहनरावांची नजर छबुबाईकडे वळली, आणि तिनं हात पदराखाली घेतले.

शिवगंगेनं त्यांच्या हातातून फोन घेतला. "उपकेंद्राची नर्स शिवगंगा बोलते. फॉर्म मी भरले. दोनशे बारा बायकांना मी चुकीचं इचारलं. शनिवारी मी येणार हाय, तवर काही ठरवू नका."