वाजलं की काढा

आमच्या शेजारच्या काकी पदार्थ चाखून बघत नसत. कानाशी धरून मोडत. सुरणाचं काप असो की टोस्टच्या चुऱ्यात घोळवलेलं कटलेट, घाण्यातलं पहिलं उचलायचं, उजव्या कानाजवळ न्यायचं आणि मधोमध मोडायचं. वाजलं, तर बाकीची कढईतून बाहेर यायची. नाही वाजलं, तर गॅस मोठा व्हायचा आणि काकींचा चेहरा लहान.

मी नवीन लग्न होऊन काळाचौकीच्या चाळीत राहायला आलो, तेव्हा मला हा नाटकीपणा वाटला होता. एकदा विचारलंच. काकी म्हणाल्या, "अरे, गणपतीचा नैवेद्य दाखवायच्या आधी उष्टं करायचं नाही. मग मीठ डोळ्यांनी बघायचं, तिखट नाकानं, आणि तळण कानानं. तोंड देवाचं होईपर्यंत बंद." पुढे त्यांना वर्षभर तीच सवय लागली. काकांसाठी साधा पापड भाजला तरी तो आधी कानाशी जायचा. "वाजूक व्हया," म्हणजे वाजलं पाहिजे, हा त्यांचा मालवणीतला एकच निकष होता.

काप म्हणजे भाजीची जाडसर चकती. तिला मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावायचं, चुऱ्यात घोळवायची आणि तळायची. मालवणी घरात माशाची तुकडी तळतात, अगदी तशीच. श्रावणात आणि गणपतीत मासे बंद असले की सुरण, वांगं, नीरफणस यांना माशाचा मान मिळतो. इतर घरी कापांना नुसता रवा लावतात. काकी रव्यात टोस्टचा चुरा मिसळत. टोस्ट चिंचपोकळी स्टेशनजवळच्या बेकरीतले, आदल्या दिवशीचे, आणि चुरा हातानं लाटण्याखाली केलेला. मिक्सर चालत नसे. "मिक्सर पीठ करतो," त्या म्हणत. "पिठाला आवाज नसतो."

मी हिशेब तपासण्याच्या नोकरीतला माणूस. मला आकडा दिसला नाही की चैन पडत नाही. एकदा त्यांच्या ओट्यावर कापलेला सुरण बघून मी सहज पट्टी लावली. सगळी कापं आठ मिलिमीटरची, एखाद्याच कापात फरक. मी कौतुकानं सांगायला गेलो, तर काकी कडाडल्या, "मेल्या, माझ्या सुरणाक फूटपट्टी लावतंस?" त्या दिवसापासून माझं नाव फूटपट्टी पडलं. बायकोसुद्धा चिडली की तेच वापरते.

चाळीच्या जागी टॉवर आला. आम्ही बाविसाव्या मजल्यावर गेलो आणि नशिबानं काकी शेजारीच राहिल्या. गणपती तळमजल्याच्या हॉलमध्ये बसू लागला. बाकी सगळं बदललं, पण विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी आरती झाली की काकींची कापं, हे बदललं नाही. हॉलच्या मागे मोठी कढई लागायची आणि आरतीच्या शेवटच्या कडव्याला पहिलं काप काकींच्या कानाशी असायचं.

मग एका वर्षी त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण पकड गेली. उकळत्या तेलावर झारा धरला की हात थरथरायचा. एकदा झारा निसटला, तेल पायावर उडालं, आणि त्यांच्या लेकीनं मोठी कढई उचलून ठाण्याला आपल्या घरी नेली. बदल्यात तिनं एअर फ्रायर आणून ठेवला. काकींनी त्याला महिनाभर हात लावला नाही. "वाऱ्याचा डबा" म्हणत. वाऱ्यावर कपडे वाळतात, कापं होत नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं.

गणपती जवळ आले, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. माणूस चांगला, बोलण्यात गोड. मी तिथंच बसलो होतो.

"काकी, यंदा तुम्ही काही करायचं नाही. केटररला सांगितलंय. तुम्ही फक्त पुढच्या खुर्चीत बसायचं. आम्ही तुमचा सत्कार करतोय. शाल, श्रीफळ."

"केटरर काय देणार?"

"व्हेज कटलेट. गरमागरम."

"बनवणार कुठं?"

"त्यांच्या किचनमध्ये. भायखळ्याला."

"म्हणजे डब्यात घालून आणणार. डब्यात वाफ धरणार." काकींनी मनगट चोळलं. मग म्हणाल्या, "शाल माणसाला घालतात ती थंडीसाठी. मला कसली घालताय? झाकून ठेवायला?"

सेक्रेटरी ओशाळले. शेवटी म्हणाले, "तुम्ही उकळत्या तेलाशिवाय करून दाखवा, काकी. रविवारी उत्सव समिती बसेल. जमलं तर केटरर रद्द, माझा शब्द."

ते गेल्यावर काकींनी त्या वाऱ्याच्या डब्यावरचं फडकं काढलं. "फूटपट्टी, बस हयसर. ह्याचे आकडे तू वाच. माका ते बारीक दिसत नाय."

पहिला घाणा भयानक झाला. आतल्या पंख्याच्या वाऱ्यानं चुरा उडाला, वर जाऊन तापलेल्या तारेला चिकटला आणि जळला. घरभर धूर. कापं बाहेर आली ती राख फासल्यासारखी पांढरी. काकींनी एक कानाशी नेलं. ते मोडलं नाही, वाकलं. "ही कापां हत काय गोसावी?" त्या म्हणाल्या. काका पेपरमागे हसले, तर त्यांनाही ऐकावं लागलं.

काकांबद्दल सांगायला हवं. काका छापखान्यात जुळारी होते. हस्तलिखितात असेल ते अक्षर, जसंच्या तसं जुळवायचं, आपलं डोकं घालायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. घरातही तेच. काकींनी "दोन टोमॅटो" सांगितले आणि टोमॅटो लिंबाएवढे निघाले, तरी काका दोनच आणत.

चुरा उडतो याचा उपाय काकींनाच सुचला. त्या म्हणाल्या, "तेल कापाला लागायचं तर कढईतच कशाला लागायला हवं? आधी चुऱ्यालाच लावूया." त्यांनी चमचाभर तेल चुऱ्यात चोळलं, चुरा तव्यावर बदामी होईपर्यंत परतला आणि गार केला. कापांना आधी तांदळाच्या पिठाची पातळ पेज लावली, मग चुरा, आणि तळव्यानं दाबून थोडा वेळ तशीच ठेवली. दुसऱ्या घाण्यात चुरा जागचा हलला नाही. रंगही आला. पण आवाज नव्हता. काप मोडताना नुसतं 'फुस' झालं. तिसऱ्याला मी तापमान वाढवलं, तर बाहेरून करपलं आणि आत सुरण कच्चा. चौथ्याला कमी केलं, तर मऊ. माझे आकडे संपले. काकींनी डब्यावर परत फडकं टाकलं.

समिती बसणार त्या रविवारी सकाळी काकींनी शेवटचा प्रयत्न म्हणून डबा लावला. मी एकशे साठवर ठेवून दिला. तेवढ्यात खाली लेकीनं धाडलेलं सामान आलं म्हणून काकी आणि मी लिफ्टनं खाली गेलो. जाताना काकींनी काकांना सांगितलं, "अहो, लक्ष ठेवा. वाजलं की काढा."

वर आलो तेव्हा काका शांतपणे पेपर वाचत होते. ओट्यावर ताटात कापं, फिकट, अर्धवट, गार होत आलेली.

"अहो, हे काय केलंत?"

"वाजलं. काढली."

"काय वाजलं?"

"मशीन."

"मशीन काय वाजतं? ते मध्येच वाजतं, कापं उलटा म्हणून! मी कापं वाजायचं म्हणत होते!"

काकांनी चष्मा काढला. "तू म्हणालीस, वाजलं की काढा. कोण वाजलं ते तू सांगितलं नव्हतंस."

"पन्नास वर्षं माझ्या घरात काय वाजतं ते तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे," काका म्हणाले. "पण ते तूच ऐकतेस. मला कधी ऐकू दिलंयस?"

यावर काकी खुर्चीत बसल्या. समिती यायला वेळ नव्हता आणि दुसरा सुरणही नव्हता. मी एक काप टोचून बघितलं आणि म्हणालो, "काकी, आत तर शिजलीत. मग आता नुसती बाहेरून तापवू. पूर्ण दोनशेवर, थोडाच वेळ." त्यांनी मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही. मी गार झालेली कापं परत आत ठेवली.

बाहेर काढल्यावर काकींनी सवयीनं एक उचललं, कानाशी नेलं आणि थबकल्या. मग ते काप त्यांनी काकांच्या कानाशी धरलं आणि मोडलं.

तो आवाज मला ओट्याशी उभ्यानं ऐकू आला.

"वाजलं?" काकींनी विचारलं.

"वाजलं," काका म्हणाले. "आता काढू?"

नंतर आम्हाला कळलं की यात चमत्कार काही नव्हता. पहिल्या मंद आचेत सुरण शिजतो, बाहेर ठेवल्यावर त्याची वाफ निघून जाते, आणि कोरड्या झालेल्या चुऱ्याला दुसरा कडक वारा मिळाला की तो तडतडतो. आम्ही सगळे घाणे एका दमात करत होतो, म्हणून आतली वाफ चुऱ्याला मऊ करत होती. काकांनी मध्येच काढली नसती, तर आम्ही आकडे बदलत बसलो असतो.

समितीनं कापं खाल्ली. सेक्रेटरींनी तिथंच केटररला फोन करून रद्द केलं. पण काकींचं समाधान नव्हतं. "ताटभर झाली म्हणजे हॉलभर होतील काय?" त्या डब्यात एका वेळी जेमतेम दहा कापं मावत.

इथं मात्र माझा उपयोग झाला. मी इमारतीत फिरलो. जवळपास प्रत्येक मजल्यावर कुणाकडे तरी असा डबा निघाला. कुणी लग्नात मिळालेला, कुणी सेलमध्ये घेतलेला, एका घरात तर त्यात कांदे ठेवले होते. सगळे हॉलमध्ये आणून लावले असते तर लोड येऊन आरतीतच अंधार झाला असता. म्हणून एका घरात एकच डबा, असं ठरलं. मंद आचेची पहिली फेरी सगळ्यांनी दुपारी सावकाश करून ठेवायची. आरतीची घंटा झाली की दुसरी फेरी आपापल्या घरी लावायची आणि थाळ्या लिफ्टनं खाली.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी दुपारी काकी लिफ्टमधून मजल्यामजल्यावर फिरल्या. बेल वाजवायची, आत जायचं, दुसऱ्या फेरीतून काढलेलं नमुन्याचं एक काप कानाशी मोडायचं. "तुझी पेज जाड झाली गो." "तू चुरा दाबलास नाही, नुसता शिंपडलास." "हां, हिच्या घरचं बघा, हिला शिकवायला नको." ज्या बायका एकमेकींना लिफ्टमध्ये नुसतं 'हाय' म्हणत, त्या एकमेकींच्या घरी जाऊन कानाशी कापं मोडत होत्या. मोडका हात घेऊन फिरणारी ती बाई त्या दिवशी सगळ्या इमारतीची मुकादम होती.

आरती झाली, नैवेद्य झाला. थाळ्या उतरल्या. सेक्रेटरी सत्काराचं भाषण करायला माईक घेऊन उभे राहिले, पण वास आल्यावर त्यांना राहवलं नाही. एका हातात माईक तसाच तोंडाशी, दुसऱ्या हातानं काप उचललं आणि चावलं.

कर्र.

हॉलच्या चारही स्पीकरमधून तो आवाज आला. मग कुणीतरी मागून ओरडलं, "वाजलं!" आणि जी टाळी पडली, तशी मी त्या हॉलमध्ये आरतीलाही ऐकलेली नाही. सेक्रेटरी तोंडात घास घेऊनच माईकवर म्हणाले, "काकी, भाषण करत नाही. हे झालं भाषण."

शाल पुढे आली तेव्हा काकींनी ती हातात घेतली आणि वळून काकांच्या खांद्यावर टाकली. "ह्यांना घाला," त्या म्हणाल्या. "सांगितलं तेच केलं म्हणून जमलं. ह्या जन्मात ह्यांची ही एकच चूक कामाला आली." काका शाल सारखी करत इतके ताठ बसले, की त्यांच्या शेजारच्या खुर्चीतले गृहस्थही ताठ झाले.

मागच्या वर्षी काकी आणि काका कुडाळजवळच्या आपल्या गावी कायमचे राहायला गेले. जाताना काकींनी आपला डबा मला दिला. बायकोला नाही, मला. "तुका आकडे पाठ आसत," म्हणाल्या. "कान तेवढा बाकी हा. तो माझ्याकडून घे."

यंदा आरती झाल्यावर मी पहिलं काप घेऊन हॉलच्या कोपऱ्यात गेलो आणि काकींना फोन लावला. मागे सगळे थाळ्या घेऊन थांबले होते. काकी बोलल्याशिवाय वाढायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी वाढतही नव्हतं.

"काकी, ऐका," मी म्हणालो आणि फोनजवळ काप मोडलं.

पलीकडून आवाज आला, "फूटपट्टी, कड मोडलीस. कड कुणाचीही वाजते. मधोमध मोड."

मी दुसरं घेतलं. मधोमध धरलं. सगळा हॉल माझ्या हाताकडे बघत होता. मोडलं.

फोनमधून आधी काकांचा आवाज ऐकू आला, लांबून, "वाजलं काय गो? काढू?"

"तुम्ही गप बसा," काकी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "हां. आता वाढ."